एक दिसल्यावर नाव सोडायची

मामा नावेत सगळ्यांच्या शेवटी चढत. सुकाणूपाशी जाऊन उभे राहत, डोक्यामागे दोरीनं बांधलेला चष्मा नाकावर नीट बसवत आणि पाण्याकडे बघत. तेवढ्यात नावेतलं बोलणं आपोआप थांबे. बाजाराला निघालेल्या बायका पाट्या मांडीवर घट्ट धरत. मग मामा म्हणत, "एक." त्या शब्दावर मी काठाचा दोर सोडायचा.

हे ‘एक’ होतं पाण्यातल्या वाळक्या आंब्याचं. भाटघरचं नवं धरण झालं तेव्हा फुगवट्याचं पाणी वर चढलं आणि आमच्या वाडीचं जुनं गावठाण त्याखाली गेलं. घरं, पार, देवळाची भिंत, सगळं खालीच राहिलं. वर दिसायचा तो या एका आंब्याचा शेंडा. वाडीतून भोरच्या अंगाला जाताना हा शेंडा उजव्या हाताला ठेवून जायचं, कारण त्याच्या उजवीकडे पाण्याच्या हातभर खाली देवळाची भिंत उभी होती. नावाड्यानं आंबा चुकवला की नाव भिंतीवर. म्हणून आंबा एकच दिसणं गरजेचं होतं, आणि मामांना काही वर्षं तो दोन दिसत होता.

मामा म्हणजे माझे सासरे, कोंडिबा. वाडीच्या नावेचा मक्ता त्यांच्याकडे होता. माझी बायको हौसा त्यांची एकुलती एक मुलगी, आणि मी गुंजवण्याचा, मराठी सातवी झालेला, सासऱ्याच्या घरी राहायला आलेला जावई. घरजावयाला गाव कसं बघतं ते सांगायला नको. मामांनी मात्र मला शेवटपर्यंत "पाव्हणं" म्हटलं. भर वाऱ्यात नाव डगमगत असतानाही ते "पाव्हणं, जरा डावं वल्हं दाबता का" असंच म्हणत. त्यांच्या या अदबीनं मला ओशाळल्यासारखं होई. आपण त्यांच्या काही कामाला यावं, असं मला फार वाटे. पुढचं सगळं त्या वाटण्यातून झालं.

आमच्या लग्नाच्या आदल्या उन्हाळ्यात नाव काठावर उपडी घालून तिला डांबर फासण्याचं काम चाललं होतं. टेकू निसटला आणि नावेची कड मामांच्या डोक्यावर बसली. जखम भरली, पण उजवं बुबुळ नाकाकडे सरकलं ते सरकलंच. तेव्हापासून त्यांना सगळं, लांबचं तर जास्तच, शेजारी शेजारी दोन दिसू लागलं. दोन आंबे, दोन काठ, हाक मारणारी दोन माणसं. चेहरा उजवीकडे वळवून डोळ्यांच्या डाव्या कोपऱ्यातून बघितलं की दोन्ही जरा जवळ येत. म्हणून ते सगळ्यांकडे असं तोंड फिरवून बघत, आणि नव्या माणसाला वाटे की म्हाताऱ्याला आपला राग आलाय.

गावाला थट्टेला तेवढंच पुरलं. एकदा काठावर कुणीतरी म्हणालं, "कोंडिबा, तुमचं बरं हाय. ताटात एक भाकर वाढली तर दोन दिसत्यात."

मामा म्हणाले, "दिसत्यात की. दुसरी हाताला लागत न्हाई, त्येचंच दुखणं हाय."

मग त्यांनी उजव्या डोळ्यावर फडकं बांधायला सुरुवात केली. एका डोळ्यानं आंबा एकच दिसायचा, पण काठ नेमका किती लांब आहे ते कळेना. नाव धक्क्याला धाडकन आदळू लागली. आणि त्याहून वाईट गोष्ट वेगळीच होती. फडकं बांधलेला माणूस लोकांना काणा वाटू लागला, आणि निघताना काणा समोर यावा हे आमच्याकडे कुणालाच चालत नाही. नावेत तर तो सगळ्यांच्या तोंडासमोरच उभा. पाटलांच्या घरची नवी सून माहेरी निघाली होती. ती काठावर आली, मामांकडे बघितलं आणि पाय मागे घेतला. पाटील काठावरच होते.

"कोंडिबा, काण्याच्या नावंत नवी नवरी बसायची न्हाई," ते म्हणाले. "डोळ्याचं काय ते बघा. न्हाईतर मक्ता माज्या भाच्याला देयाला लावीन. भोर संस्थानात माजा शब्द चालतो."

घरी आल्यावर मामांनी फडकं सोडलं आणि घडी करून कोनाड्यात ठेवलं. मक्ता गेला तर आमच्याकडे दुसरं काही नव्हतं. जमीन पाण्याखालीच होती.

आठवड्याभरात मी त्यांना पुण्याला नेलं. नसरापूरपर्यंत चालत आणि पुढे सर्व्हिस मोटारीनं. तिथल्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांच्या डोळ्यासमोर एकामागून एक काचा धरल्या. झुंबराच्या लोलकासारख्या त्या काचा एका कडेला जाड आणि दुसऱ्या कडेला पातळ होत्या. प्रत्येक काचेला डॉक्टर विचारत, "आता किती?" मामा म्हणत, "दोन." पुन्हा काच, पुन्हा "दोन." मी भिंतीला टेकून उभा होतो. मग एका काचेला मामा एकदम गप्प झाले. वाडीत आल्यावर ते ज्याला त्याला सांगत, "दोन डागदर व्हते. सरकत सरकत एकमेकात गेले."

डॉक्टरांनी आम्हाला बसवून समजावलं. हा चष्मा डोळा बरा करणार नाही, फक्त दोन चित्रं एकावर एक आणून ठेवेल. चष्मा काढला की पुन्हा दोनच. अगदी उजवीकडे बघितलं तर चष्म्यातूनही दोन दिसतील, तेव्हा डोळे न फिरवता मान फिरवायची. सुरुवातीला डोकं दुखेल, दम धरायचा. मामांनी ते सगळं तंतोतंत पाळलं. दोन आठवडे ते अंगणात चष्मा लावून नुसते बसून राहिले. उठताना भिंत धरत, पायरी उतरताना पायानं चाचपून बघत. पहिल्या दिवशी हौसा पाणी घेऊन आली तेव्हा तिच्याकडे बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "लई दिसांनी एकटी दिसलीस गं."

नाव पुन्हा सुरू झाली तेव्हा पाटील स्वतः पहिल्या फेरीला बसले. म्हणाले, "आता बरं दिसतंय न्हवं? पन ध्यानात ठेवा. पुन्ना दोन दिसायला लागलं तर मक्ता गेला."

‘एक’ म्हणायची रीत त्या दिवशी सुरू झाली. मामांनी आंब्याकडे बघितलं आणि पाटलांना ऐकू जाईल असं म्हणाले, "एक." पुढे लोकांनाच त्याची सवय लागली. ते ऐकल्याशिवाय कुणाला निघाल्यासारखं वाटेना. मामांची सचोटी अशी की कधी डोकं दुखत असलं, नजर जुळत नसली, तर ते सरळ "जरा थांबू" म्हणत आणि खाली बसत. भोरचा बाजार उठायची वेळ झाली तरी बसत. कुणी कुरकुरलं तर म्हणत, "दोन आंब्यांमदनं जायला मला येत न्हाई बाबा."

चष्म्याला ते दुसऱ्या कुणाला हात लावू देत नसत. हौसाच्या जुन्या लुगड्याचा एक मऊ तुकडा होता, तेवढ्यानंच पुसत. मी एकदा तो चष्मा घालून बघितला होता. माझ्या चांगल्या डोळ्यांना त्यातून एकाची दोन झाडं दिसली. मामा हसले. म्हणाले, "बघा पाव्हणं, आता तुमाला कळंल माजं दुखणं."

चष्मा आल्यानंतर चौथ्या वर्षीच्या खंडेनवमीची गोष्ट. त्या दिवशी आमच्याकडे हत्यारं धुऊन पुसून पुजतात. शेतकऱ्याचा नांगर, सुताराचा रंधा, तशी आमची वल्ही, बांबू, दोर आणि सुकाणू. मामा दुपारी पाय पसरून झोपले होते. चष्मा उशापाशी होता. माझ्या मनात आलं की मामांचं खरं हत्यार तर हे. फ्रेम पितळेची होती, तीन वर्षांच्या घामानं हिरवी पडली होती. मी ती उचलली आणि वल्ह्यांच्या पितळी पट्ट्यांबरोबर चिंच लावून घासली. खोबणीत चिंच अडकली, म्हणून चाकूच्या टोकानं बारीक स्क्रू सैल केला, काच बाहेर काढली, धुतली, पुन्हा बसवली आणि स्क्रू आवळला. चष्मा सोन्यासारखा चमकला. घालून बघितला तर मला दोन दिसलं, पण मला त्यातून नेहमी दोनच दिसायचं. हळदकुंकवाचं बोट मी काचेला लागू न देता कडेला लावलं आणि चष्मा वल्ह्यांशेजारी पाटावर ठेवला.

मामा उठले आणि पाटाकडे बघत राहिले. रागावतील असं मला वाटलं होतं. ते म्हणाले, "पाव्हणं, माज्या ध्यानात बी आलं नसतं." मग त्यांनी चष्म्याला हात जोडले. त्या दिवशी त्यांनी तो पुन्हा घातला नाही. पुजलेल्या हत्याराला त्या दिवशी कामाला लावत नाहीत.

दुसऱ्या दिवशी दसरा. भोरचा दसरा बघायला अर्धी वाडी निघाली होती. नाव गच्च भरली. पाटील होते, त्यांची पाच वर्षांची नात शेवंता त्यांच्या मांडीवर होती. बायका नवी लुगडी नेसलेल्या, एका म्हातारीनं शेळीसुद्धा बरोबर घेतलेली. पावसाळ्यानंतरचं धरण काठोकाठ भरलं होतं आणि वारा होता. मामा शेवटी चढले. दोरी बांधली, चष्मा बसवला, आंब्याकडे बघितलं.

बोलणं थांबलं. मी दोर हातात धरून वाट बघत होतो. मामांनी चष्मा काढला, लुगड्याच्या तुकड्यानं पुसला, पुन्हा घातला. पुन्हा बघितलं. त्यांचा चेहरा जुन्या सवयीनं किंचित उजवीकडे वळला आणि लगेच सरळ झाला. पाटील त्यांच्याकडेच बघत होते.

"काय कोंडिबा, किती?" पाटलांनी विचारलं.

मामा म्हणाले, "एक."

मी दोर सोडला.

वल्हवणाऱ्याची पाठ पुढच्या दिशेला असते. मला मामांचं तोंड दिसत होतं, आंबा दिसत नव्हता. मामांच्या कपाळावर घाम होता आणि वारा तर गार होता. ते डोळे बारीक करत, मान थोडी फिरवत, पुन्हा सरळ करत. पुढे त्यांनीच मला सांगितलं की त्यांना दोन आंबे दिसत होते आणि पूर्वी कधी दिसले नव्हते इतके एकमेकांपासून लांब. बिनचष्म्याचे दोन असते तर डावा खरा, हे त्यांना पाठ होतं. पण काचेतून दोन दिसायची त्यांना सवय नव्हती. त्यातला झाडाचा कुठला आणि काचेचा कुठला, हे ठरेना. चष्मा काढून तोंड फिरवून बघावं, तर पाटील समोर. त्यांनी उजवा खरा धरला.

"पाव्हणं, हळू," एवढं ते म्हणाले, आणि खालून दगडाचा आवाज आला.

नाव देवळाच्या भिंतीवर चढली आणि कलली. तळाची फळी फुटली. बायका उभ्या राहिल्या तशी नाव आणखी कलली. मामा ओरडले, "खाली उतरा, भिंत हाय पायाखाली, भिंतीवर उतरा," आणि स्वतः आधी उतरून त्यांनी नावेची कड धरली. एकेक जण उतरला. भर पाण्यात, काठ दोन्ही बाजूंनी लांब, आणि दसऱ्याची नवी लुगडी नेसलेल्या बायका जुन्या देवळाच्या भिंतीवर गुडघ्याइतक्या पाण्यात एकमेकींचे हात धरून रांगेनं उभ्या. शेळी गेली. म्हातारी तिला हाका मारत राहिली.

पाटील उतरताना शेवंता त्यांच्या हातून निसटली. भिंतीच्या कडेवरून ती खोल पाण्यात गेली आणि एकदा वर आली. मामा तिच्यापासून दीड हातावर होते. त्यांनी झेप घेऊन हात घातला. हात रिकाम्या पाण्यात गेला. सगळ्यांनी बघितलं की पोर एकीकडे आणि म्हाताऱ्याचा हात दुसरीकडे. मामांनी चष्मा ओढून माझ्या अंगावर टाकला, तळहातानं उजवा डोळा दाबून धरला आणि पुन्हा हात घातला. या वेळी तिची वेणी हाताला लागली.

पलीकडून मासेमारीची होडी आली आणि आम्हाला दोन फेऱ्यांत काठाला नेलं. शेवंताच्या पोटातलं पाणी काढलं, ती रडू लागली, तेव्हा कुठे बायका बोलू लागल्या. पाटलांनी नातीला खांद्यावर घेतलं आणि मामांकडे न बघता निघून गेले.

दुसऱ्या दिवशी मामांनी मला चष्मा घेऊन भोरला पाठवलं. तिथे उस्मानचाचा म्हणून घड्याळं दुरुस्त करणारे होते, चष्म्याचे स्क्रूही तेच बघत. चाचांनी चष्मा उजेडात धरला, काचेच्या कडेवरून नख फिरवलं.

"ही काच कुनी काढली हुती?" त्यांनी विचारलं.

"का?"

"उलटी बसलीया. गोल काच हाय, कशीबी बसती. पन हिची जाड कड कानाकडं पायजे. हितं नाकाकडं आलीया. घालनाऱ्याला जे एक दिसायचं त्येचं आता लांब लांब दोन दिसत आसंल." त्यांनी काच फिरवून बसवली आणि कानाकडच्या कडेला सुईनं बारीक रेघ ओढून दिली. "पुन्ना कुनी काढली तर ही रेघ बघा म्हनावं."

मी परतीच्या वाटेवर एका ठिकाणी बसलो आणि मला उठवेना.

संध्याकाळी चावडीवर संस्थानचा कारकून आला. सगळी वाडी जमली होती. त्यानं मामांना विचारलं, "नाव आदळली कशी?"

मामा उभे राहिले. नीट केलेला चष्मा त्यांच्या नाकावर होता. ते म्हणाले, "मला दोन आंबे दिसत व्हते. मी एक म्हनालो."

"दिसत होते आणि तरी नाव सोडलीस?"

"व्हय."

"का?"

"मक्ता जाईल म्हनून."

मी माणसांच्या मागे, खांबाशी होतो. काच मी फिरवली, एवढंच बोलायचं होतं. मामांचा डोळा बिघडलेला नाही, चष्माही बिघडलेला नाही, माझ्या हातून झालं. माझं तोंड उघडलं नाही. पाटलांनी खाली मान घालून सांगितलं की मक्ता काढून घ्यावा. मग शेवंताची वेणी आठवली असेल किंवा आणखी काही, पण भाच्याचं नाव त्यांनी घेतलं नाही. म्हणाले, "जावई शिकलेला हाय, नजर चांगली हाय. त्येला द्या."

आणि मी घेतला. अंगठा नको म्हणून सहीसुद्धा केली.

त्या रात्री मामा जेवले आणि झोपले. मी जेवलो नाही. हौसाला वाटलं मला नव्या जबाबदारीची धास्ती आहे.

नाव दुरुस्त होऊन पाण्यात उतरली त्या दिवसापासून मामा रोज काठावर येत आणि नावेच्या पुढच्या टोकाला, उतारूंच्या जागेवर बसत. वल्ह्यांवर आता गडी, मी सुकाणूपाशी. आंबा मला स्पष्ट एकच दिसायचा, पण माझ्या तोंडून तो शब्द निघेना. मी मामांकडे बघायचो. मामा चष्म्यातून पाण्याकडे बघून म्हणायचे, "एक." मग मी नाव सोडायचो. लोकांना ते चांगलं वाटायचं. जावई सासऱ्याला मान देतो म्हणायचे. तो मान नव्हता, माझी हिंमत नव्हती.

दोनेक वर्षांनी, नाव डांबरायला काढली होती तेव्हा, मी धीर केला. मामा बसून लुगड्याच्या तुकड्यानं काच पुसत होते. मी म्हणालो, "मामा, त्या खंडेनवमीला चष्मा मी..."

"म्हाईत हाय," ते म्हणाले. "उस्मानभाईनं मला तवाच सांगितलं. रेघ कशापायी मारली, म्हनून मी इचारलं हुतं."

"मग चावडीत तुम्ही..."

"पाव्हणं, तुमी तवा बोलला असता तर कारकुनानं दोघांस्नीबी घरी बसवलं असतं. मक्ता कुनाकडं गेला असता? हौसानं काय खाल्लं असतं?" त्यांनी चष्मा नाकावर चढवला आणि माझ्याकडे सरळ बघितलं. "आनी दुसरं. काच तुमी फिरवली, पन एक म्या म्हनलो. मला दोन दिसत व्हते. तुमच्या वाटनीचं तेवढं घ्या, माज्या वाटनीचं नगा घेऊ."

ते म्हणाले, "डांबर निवतंय," आणि उठले.

दुसरी मोठी लढाई चालू होती त्या काळात एका हिवाळ्यात मामा गेले. आदल्या आठवड्यापर्यंत नावेत येत होते. शेवटच्या दिवसांत चष्मा लागेनासा झाला, डोळे मिटूनच असत. हौसानं विचारलं, "दादा, मी दिसते का?" तर म्हणाले, "दिसायला कशाला पायजे, एकच हायेस." चष्मा आता माझ्याकडे आहे. खंडेनवमीला वल्ह्यांशेजारी पाटावर ठेवतो. चिंच लावत नाही, कुंकूही नाही. पितळ पुन्हा हिरवं पडलं आहे. वर्षातून एकदा काचेवरची ती बारीक रेघ बोटानं चाचपून बघतो.

मामा गेल्यावर तो शब्द मलाच म्हणावा लागला. दुसरं कुणी नव्हतं. पहिल्या दिवशी म्हणताना माझा आवाज इतका बारीक निघाला की पुढच्या टोकाच्या बाया म्हणाल्या, "ऐकू आलं न्हाई." मी पुन्हा म्हणालो.

गेल्या पौषातली गोष्ट सांगून थांबतो. सकाळी धरणावर दाट धुकं होतं. नाव भरली होती. शेवंता होती, आता तिच्या मांडीवर तिची मुलगी. मी सुकाणूपाशी उभा राहिलो. आंबा दिसेना. लोक थोडा वेळ थांबले, मग चुळबुळू लागले.

एक जण म्हणाला, "अवो, वाट तर तुमच्या हाताला पाठ हाय. म्हना की एक, आनी सोडा."

दुसरा म्हणाला, "बाजार उठंल. म्हनून टाका."

वाट खरंच हाताला पाठ होती. नाव गेली असती, बहुतेक नीटच गेली असती. मी तोंड उघडलं आणि मिटलं. मग खाली बसलो. लोक पुटपुटले, एक जण उतरून चालत गेला. शेवंतानं मुलीला पदराखाली घेतलं आणि म्हणाली, "बसू द्या त्येंना. दिसल्याबिगर त्ये म्हनत न्हाईत."

चावडीत मी गप्प राहिलो होतो, ते तिला माहीत नाही. मी मान खाली घालून बसून राहिलो. ऊन वर आलं, धुकं पाण्यावरून हळूहळू उचललं गेलं आणि शेंडा दिसू लागला. मी उठून उभा राहिलो. पूर्ण दिसेपर्यंत थांबलो, आणि मग म्हणालो.